माझ्यावर गेलेली लेक

हेमांगी तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा मी रसवंतीच्या तट्ट्याआड उभा होतो.

नऊ वाजून बावीस मिनिटं झाली होती. नऊला तिला कामावर हजर व्हायचं असायचं. दूध डेअरीची प्रयोगशाळा तिथून पुढं जेमतेम दोन किलोमीटर. आणि माझी मुलगी पुढं जायचं सोडून पुन्हा घराच्या दिशेनं आली होती. शाळेसमोरच्या गतिरोधकापाशी तिनं स्कूटी स्टँडला लावली. रस्त्याकडेच्या चरात वाकून पाहिलं. मग मागच्या चाकाशी उकिडवी बसली, टायरला बोट लावलं, ते बोट डोळ्यांजवळ नेलं. उठली, पुन्हा चरात पाहिलं.

तिथं चिंचेखाली एक म्हातारी पेरूची पाटी घेऊन बसायची. हेमांगीनं तिला काहीतरी विचारलं. म्हातारीनं मान हलवली. हेमांगी स्कूटीवर बसली, डेअरीच्या दिशेनं निघाली आणि शंभर-सव्वाशे फुटांवर जाऊन परत वळली.

खरं सांगतो, मी तिला एखाद्या मुलाबरोबर पकडायला गेलो होतो. आदल्या दिवशी डेअरीतून फोन आला होता. तिचे साहेब म्हणाले होते, "वाळिंबे, तुमची मुलगी कामाला एक नंबर आहे, पण या महिन्यात चौदा दिवस उशिरा आली. घरी काही अडचण आहे का?" माझ्या घरातलं माणूस चौदा दिवस उशिरा! साताऱ्याच्या पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून मी तोवर बत्तीस वर्षं नोकरी केली होती आणि मस्टरवर एकदाही लाल शेरा पडू दिला नव्हता. मुलगी घरातून आठ-वीसला निघते, सव्वापाच किलोमीटरला तासभर लागत नाही. म्हणजे मधे कुणीतरी आहे, असा सरळ हिशोब मी मांडला. रजा टाकली आणि आडोशाला येऊन उभा राहिलो.

आता तट्ट्याआडून बाहेर आलो. ती रागावेल, बाबा माझ्यावर पाळत ठेवता का म्हणेल, असं वाटलं होतं. तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम सुटला.

"बाबा! तुम्ही इथंच होता? कधीपासून?"

"आठ पन्नासपासून."

"मग तुम्ही बघितलंत ना? मी या उंचवट्यावरून गेले तेव्हा कुणाला लागलं नाही ना?"

"कुणाला लागणार? रस्त्यावर कुणी नव्हतंच."

"शाळेची मुलं?"

"शाळा भरली केव्हाच."

"नक्की? मागचं चाक जरा उडाल्यासारखं झालं."

"गतिरोधकावरून गेलं की चाक उडतंच, हेमांगी."

"पण तुम्ही नीट बघितलंत ना?"

पेरूवाली म्हणाली, "रोज इचारती वो पोरगी. मावशी, हितं कोन पडलं का? म्या रोज सांगती, न्हाई बाय, जा तू."

हेमांगीनं मला तेच त्या सकाळी अकरा वेळा विचारलं. मी मोजलं. मोजायची मला सवयच आहे.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी काटेकोर माणूस. कालव्याचा नकाशा काढताना रेघ केसभर जाड झाली, तर आख्खा कागद बाजूला ठेवून नवा घ्यायचो. साहेब म्हणत, "वाळिंबे, चालेल हो." मला चालायचं नाही. घरीही तसंच. टॉवेलाची घडी तीनपदरी, चहा पावणेसहाला, चपलांची टोकं भिंतीकडे. कुणी मोडलं की मी बोलायचो. आवाज चढवायचो नाही, पण बोलायचो. जे केलं ते पुन्हा करायला लावायचो. माझी बायको प्रभा सुरुवातीला वाद घालायची, मग घालेनाशी झाली. तिला पटलं, असं मी धरून चाललो.

आणि हेमांगी लहानपणापासून माझ्यावर गेलेली. वह्यांना घड्या नाहीत, अक्षर छापल्यासारखं. गणित सोडवून झालं की पुन्हा पहिल्या पायरीपासून तपासणार. मी चारचौघांत सांगायचो, "प्रभाचं रूप आलं असेल, पण स्वभाव माझा." कॉलेजात असताना ती दाराचं कुलूप चार-चारदा ओढून बघायची, तेव्हाही मी म्हणालो, सावध आहे पोर. आंघोळीहून लवकर बाहेर येईना, तेव्हा म्हणालो, स्वच्छतेची आवड आहे. प्रभा एकदा म्हणाली होती, "अहो, ती आत रडत असते." मी म्हणालो, "साबण डोळ्यांत गेला असेल."

तर त्या सकाळी घरी येऊन मी विचार केला. मुलीला खात्री हवी आहे ना? मग खात्री देऊ. मी ड्रॉइंग बोर्ड काढला आणि तिच्या रस्त्याचा नकाशा केला. घर ते डेअरी, सात गतिरोधक, चार वळणं, दोन शाळा, एक रेल्वे फाटक. प्रत्येकाला क्रमांक दिला. खाली तक्ता. तारीख, वेळ, समोर बरोबरची खूण. वीस प्रती काढून आणल्या. ठरलं असं की मी तिच्या मागे स्कूटीवर बसून जायचं, प्रत्येक क्रमांकाला मागं वळून बघायचं, ठीक असेल तर खूण करायची आणि डेअरीच्या फाटकाशी खाली सही. मग मी चालत ऑफिसला.

पहिल्या दिवशी ती नऊला पाच कमी असताना पोचली. मी सही केली. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नसता तर काय केलं असतं मी!" मला काय वाटलं असेल! माझ्या सबंध नोकरीत माझ्या नकाशाचं इतकं चीज कुणी केलं नव्हतं.

आठव्या दिवशी तिनं विचारलं, "चौथ्या क्रमांकाला तुम्ही डावीकडे बघत होतात. उजवीकडचं कसं कळलं?" म्हणून मी दोन रकाने केले. डावा, उजवा. बाराव्या दिवशी ती म्हणाली, सहीसोबत वेळही घाला. पंधराव्या दिवशी संध्याकाळी कामावरून आल्यावर ती तो तक्ता घेऊन माझ्यासमोर बसली आणि एकेका खुणेवर बोट ठेवून विचारू लागली, "ही तुम्ही बघून केलीत, की सवयीनं?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या खुणेवर शंका घेत होतं. मी चिडलो. "माझ्या सहीवर धरणं बांधली गेली आहेत!"

ती रडायला लागली. "मला माहीत आहे बाबा. तुमचं चुकत नाही. मला माहीत आहे, कुणी पडलेलं नाही. तरी पुन्हा सांगा ना, एकदाच."

मी सांगितलं. एकदा नव्हे, जेवणाची पानं मांडेपर्यंत सांगत होतो.

त्यानंतरच्या सोमवारी माझी बैठक होती, म्हणून ती एकटी गेली. साडेअकराला ऑफिसात प्रभाचा फोन आला, लगेच घरी या. घरी पोचलो तर ओट्यावर एक हवालदार बसलेले. पिकलेल्या मिशा, टोपी मांडीवर, हातात प्रभानं दिलेला चहा. हेमांगी आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजली होती.

हवालदार उठून उभे राहिले. "साहेब, घाबरू नका. काही झालेलं नाही. ताई सकाळी चौकीत आल्या आणि म्हणाल्या, माझ्याकडून माणूस मेलाय, मला अटक करा."

मी खाली बसलो.

"मी गाडी पाहिली. ओरखडा नाही. जागेवर जाऊन आलो, तिथं पेरूवाली म्हणाली, काही झालंच नाही. दवाखान्यात फोन लावला, तिथंही काही नाही. ताईंना सांगितलं. तर म्हणाल्या, तुम्ही नीट चौकशी केली नाही." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "माझ्या मेव्हण्याच्या घरी असं होतं साहेब. पाण्याचं. त्याची बायको हात धुऊन धुऊन कातडी सोलून घ्यायची. सासू म्हणायची मंत्रचळ लागलाय, अंगारा लावा. शेवटी डॉक्टरला दाखवलं, औषध चालू केलं, आता बरी आहे. लाज धरू नका."

ते गेल्यावर मी प्रभाला म्हणालो, "मंत्रचळ कसला? जरा जास्त काळजी करते, एवढंच. माझ्यावर गेली आहे."

प्रभा कधी माझं बोलणं मधे तोडत नसे. त्या दिवशी तोडलं. "तुमच्यावर गेली असती, तर तिनं दुसऱ्याला चौकीत नेलं असतं. ती स्वतः गेलीये. मी उद्या तिला डॉक्टरांकडे नेणार आहे. यायचं तर या."

मी गेलो. जाताना तक्त्याची फाइल बरोबर घेतली.

डॉक्टर मुजावर म्हणून बाई होत्या, चाळिशीच्या, बोलायला मऊ आणि नजरेला पक्क्या. आधी हेमांगीशी तासभर एकट्या बोलल्या, मग आम्हाला आत घेतलं. मी फाइल पुढं केली. त्यांनी एकेक पान शांतपणे पाहिलं.

"किती सुरेख काढलाय नकाशा!"

"बत्तीस वर्षांचा अनुभव आहे," मी म्हणालो. "डॉक्टर, तिला आजार वगैरे नसावा. आमच्या घराण्यातच आहे हे. मीसुद्धा प्रत्येक गोष्ट दोनदा तपासतो."

"दोनदा झाल्यावर काय करता?"

"काय करायचं? थांबतो."

"थांबल्यावर कसं वाटतं?"

"चांगलं वाटतं. काम चोख झालं असं वाटतं."

त्या हेमांगीकडे वळल्या. "आणि तुला, हेमांगी?"

हेमांगी मांडीवरच्या रुमालाकडे पाहत म्हणाली, "मला झालं असं कधी वाटतच नाही. परत बघितलं की मिनिटभर सुटते. मग वाटतं, बघायला गेले तेव्हाच कुणाला धडकले असले तर? मग ते बघायला परत."

"हे करायला आवडतं तुला?"

"आवडतं?" तिनं मान वर केली. "मॅडम, त्या पेरूवाल्या मावशींसमोर मला रोज मेल्याहून मेल्यासारखं होतं. मला कळतं हे वेड्यासारखं आहे. मला नको आहे हे. पण नाही बघितलं आणि खरंच तिथं कुणी पडलेलं असलं तर?"

मी माझ्या मुलीकडे बघत राहिलो. तेवीस वर्षं मला वाटत होतं, की तिच्या आत माझ्यासारखंच काहीतरी समाधान असतं. सरळ रेघेचं समाधान. तिथं तसलं काहीच नव्हतं.

"वाळिंबेसाहेब," डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या कपाटातली घडी कुणी मोडली तर तुम्हाला काय होतं? भीती वाटते?"

"भीती कसली? राग येतो."

"कुणाचा?"

"मोडणाऱ्याचा."

"तुम्ही बदलावं असं कधी वाटतं?"

"मी कशाला बदलू? बाकीच्यांनी नीट वागावं."

बोलून गेलो आणि माझं मलाच ते ऐकू आलं. प्रभा खिडकीबाहेर बघत होती.

"तुमचा काटेकोरपणा तुमच्या स्वभावात मुरलेला आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तो तुम्हाला आपला वाटतो, बरोबर वाटतो. तुम्ही त्याच्या जोरावर नोकरी केली. हेमांगीला जे होतं ते तिला परकं वाटतं. नको असलेला विचार मनात घुसतो, जीव घाबरा करतो, आणि तो शमवायला तिला परत जावं लागतं. गेली की तो आणखी बळावतो. याला आम्ही ओसीडी म्हणतो. बाहेरून दोघंही तपासताना दिसता, म्हणून सारखे वाटता. तिच्यावर उपचार आहेत. गोळ्या आहेत, आणि एक सराव आहे, तो अवघड आहे."

"आणि हे तक्ते?" मी विचारलं.

त्यांनी फाइल मिटून माझ्याकडे सरकवली. "तुम्ही लेकीच्या मायेनं केलेत. पण ही प्रत्येक खूण त्या आजाराला घातलेला घास आहे. तिला खात्री देणं बंद करायचं. सगळ्यांनी. एकदम नाही, मी सांगेन तसं, तिच्या संमतीनं. तिनं विचारलं की 'कुणाला लागलं नाही' असं म्हणायचं नाही."

"मग काय म्हणायचं?"

"मला माहीत नाही, असं म्हणायचं."

"पण मला माहीत असतं!"

"म्हणूनच तुम्हाला जड जाईल."

आम्ही उठलो. दाराशी त्यांनी मला थांबवलं. हेमांगी पुढं गेली होती, प्रभा उंबऱ्यातच होती. डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला आजार आहे असं मी म्हणत नाही, दोन-चार प्रश्नांत ते ठरवूही नये. पण एक विचारते. तुमच्या शिस्तीचा तुम्हाला त्रास होतो का?"

"अजिबात नाही."

"मग कुणाला होतो?"

मी उत्तर देणार होतो, कुणालाच नाही. शेजारी प्रभा चप्पल घालत होती. डॉक्टरांच्या दारातही तिनं आधी वाकून माझ्या चपला जोडीनं, टोकं भिंतीकडे करून ठेवल्या होत्या.

गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत तिची झोप सुधारली. मग सराव. आधी कुलूप एकदाच ओढायचं, मग आंघोळीला घड्याळ लावायचं. ती रडायची, चिडायची, पुन्हा करायची. तिच्या जिद्दीला तोड नव्हती. ती मात्र तिची स्वतःची, तिथं मी हक्क सांगत नाही. शेवटी रस्ता उरला. डॉक्टरांनी दिवस ठरवून दिला. हेमांगी चालवणार, मी मागं बसणार, आणि बघायला परत वळायचं नाही.

मार्गशीर्षातली सकाळ होती, हवेत चांगला गारवा होता. पहिले तीन गतिरोधक ती काही न बोलता गेली. तिची पाठ लाकडासारखी ताठ झाली होती. शाळेसमोरचा चौथा आला. मागचं चाक नेहमीसारखं उडालं. चिंचेखाली पेरूवाली होती. तिनं आम्हाला पाहून हात केला.

पन्नास फुटांवर हेमांगीनं स्कूटी कडेला घेतली. मी खाली उतरलो.

"बाबा."

"हं."

"कुणाला लागलं का?"

मी पाहिलं होतं. डावीकडे पाहिलं होतं, उजवीकडे पाहिलं होतं. रस्ता रिकामा होता, एक कुत्रंसुद्धा नव्हतं. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, बिनचूक उत्तर.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तिनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. "बाबा, प्लीज. आजच्या दिवस."

"मला माहीत नाही, बाळा."

"तुम्ही बघितलं असणार! तुम्ही न बघता राहूच शकत नाही! सांगा ना!" ती ओरडली. रस्त्यानं जाणारे दोघं सायकलवाले थांबून बघायला लागले. लोक काय म्हणतील, याची मला एरवी किती धास्ती! मी तसाच उभा राहिलो. ती हँडलवर डोकं टेकून रडत होती, आणि तिला एका वाक्यात सोडवणं माझ्या हातात होतं. आयुष्यात मी इतकं कठीण काम केलेलं नाही.

"माहीत नाही," मी म्हणालो. "पण मी इथं आहे. घाई नाही."

"उशीर होईल."

"होऊ दे."

हे शब्द माझ्या तोंडून आले. तिला रडता रडता ते जाणवलं असावं, कारण तिनं मान वर करून एक क्षण माझ्याकडे नवलानं पाहिलं.

आम्ही तिथं उभे राहिलो. ती हातांच्या मुठी वळत होती, सोडत होती. दोनदा स्कूटीचं तोंड मागं वळवायला लागली, दोनदा स्वतःच थांबली. मी घड्याळ पाहिलं नाही, त्यामुळं किती वेळ गेला ते आजही सांगता येणार नाही. कधीतरी तिचा श्वास खाली बसला. तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"अजून वाटतंय," ती म्हणाली. "पण मघापेक्षा कमी."

"बरं."

"बसा."

ती पुढं निघाली. डेअरीच्या फाटकाशी तिनं मला उतरवलं, उशिरा येऊनही हसली आणि आत गेली.

याला तेवीस वर्षं झाली. हेमांगी आता कोल्हापूरला असते, स्वतःची मोटार चालवते. आजार पुरता गेला असं ती म्हणत नाही. कधी ताण आला की डोकं वर काढतो, मग ती डॉक्टरांना भेटते आणि पुन्हा सरावाला लागते. आम्हाला फोन करते, पण 'सांगा ना' म्हणत नाही.

त्या सकाळी मी डेअरीपासून ऑफिसला गेलोच नाही, चालत घरी आलो. प्रभा दुपारच्या भाजीला बसली होती, समोर परात, मेथी निवडत होती. मला अवेळी पाहून दचकून उठायला लागली.

"बस," मी म्हणालो. "गेली ती. वळली नाही."

तिनं डोळ्यांना पदर लावला. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो, एक जुडी ओढली आणि पानं खुडायला लागलो. थोड्या वेळानं विचारलं, "प्रभा, तुला फार त्रास झाला का गं माझा?"

तिचे हात थांबले. मी थट्टा करतोय का, हे तिनं माझ्या तोंडाकडे बघून नीट ताडलं.

"सांगू?"

"सांग."

"मधे बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

तिनं परात बाजूला सरकवली. "शहात्तर सालच्या गणपतीत," ती म्हणाली, "माझी आई पहिल्यांदा आपल्याकडे राहायला आली होती. तुम्ही तिला तीनदा टॉवेलाची घडी मोडून परत घालायला लावलीत. तिसऱ्या वेळी तिचे हात कापत होते..."

ते साल सत्त्याहत्तर होतं. मी गप्प बसलो आणि ऐकत राहिलो.